डिजिटल पियानो घरी आल्यावर : मांडणी, वीज, पावसाळा, शेजारी (अनुभव लिहा)

कुठला पियानो घ्यावा यावर सल्ले भरपूर मिळतात. खोका घरात आल्यानंतरचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. दुकानातला माणूस पिन लावतो, चार सूर वाजवून दाखवतो आणि जातो. पुढचं आपलं आपण. कुठल्या भिंतीला लावलात, स्टूल किती उंच ठेवलंत, पावसाळ्यात काय करता, खालच्या मजल्यावरून तक्रार आली का, सगळं लिहा. मॉडेलांची तुलना कृपया इथे नको.

सुरुवात मीच करते. ठाण्यात छोटा फ्लॅट. ८८ पट्ट्यांचा पियानो साधारण १३२ सेंटीमीटर लांब असतो, स्टँडवर ठेवायच्या मॉडेलांचं वजन ११ ते १५ किलो. आम्ही आणण्याआधी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून तेवढी जागा आखली आणि एक दिवस त्याभोवती वावरून पाहिलं. हॉल बादच झाला : पश्चिमेची खिडकी, दुपारभर ऊन थेट अंगावर. उन्हाने प्लास्टिक पिवळं पडतं, वाकतं. बेडरूममध्ये कपाटाशेजारची भिंत निवडली, पण कपाटाचं दार पूर्ण उघडायला हवं आणि वाजवणाऱ्याला स्टूल मागे सरकवून उठता यायला हवं, हे कागदावर कळत नाही. दिवाणावर ठेवून वाजवायचा बेत असेल तर सोडा. अनेक मॉडेलांचे स्पीकर खालच्या बाजूला असतात, गादीवर आवाज गुदमरतो.

पेटीवाला, सांगली

आयुष्य हार्मोनियमवर गेलं, पियानो नातीसाठी आणला. पेटीची पट्टी बोट टेकलं की बोलते. इथे पट्टीखाली हातोडीसारखी रचना असते, वजन जाणवतं, त्यातही खालच्या सप्तकात जास्त. सुरुवातीला मनगट भरून यायचं. नातीच्या शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला उंच बसवलं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवं, खांदे उचललेले नकोत. पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७४ सेंटीमीटरवर येतात, घरातली जेवणाच्या टेबलाची खुर्ची बऱ्याच जणांना ठेंगणी पडते. उंची बदलता येणारं स्टूल घ्या. नातीचे पाय लोंबकळत होते, तिच्या पायाखाली दोन पाट ठेवले. पाय टेकले की पाठ आपोआप सरळ होते.

आता पेटीवाल्यांच्या कामाचं. घरात गाणारी मंडळी असतील तर ट्रान्सपोज (सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या सुराच्या पायरीने वर-खाली सरकवायची सोय) शिकून घ्या. सौ. काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातात. ट्रान्सपोज उणे चारवर ठेवलं की पांढरी एक दाबली तरी काळी चार वाजते. (वरच्या बाजूला अधिक आठ लागले असते, पण बरीच यंत्रं दोन्हीकडे सहाच्या पुढे जात नाहीत.) भजन आटोपलं की परत शून्य. नाहीतर नातीचा धडा शिकवणीत एका सुरात आणि घरी भलत्याच सुरात.

निवृत्त वायरमन, नाशिक

सोसायटीत ज्याच्या घरी पियानो बंद पडतो तो मला बोलावतो. बहुतेकदा पियानो ठीक असतो, ॲडाप्टर भलता असतो. मूळ ॲडाप्टर हरवला की लोक राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा लावतात, कारण पिन बसते. पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही. तीन गोष्टी पाहा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बऱ्याच पियानोंना १२ लागतात, काही कीबोर्डांना ९ किंवा साडेनऊ. अँपिअर छापलेत तितके किंवा जास्त. आणि पिनेच्या आतलं टोक अधिक आहे की उणे, त्याचं गोलाचं चिन्ह दोन्हीकडे छापलेलं असतं. ते उलटं असलं तर यंत्र जाऊ शकतं. मूळ कंपनीचाच मागवा, हे माझं स्पष्ट मत.

बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडत असाल तर आधी पियानो चालू, मग ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो आणि कधीतरी स्पीकरच जातो. लॅपटॉप यूएसबीने जोडल्यावर घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष पियानोचा नाही.

> धागाकर्ती : काका, स्पाइक गार्ड लावला की विजांची भीती नाही ना?

आहे. लहानसहान झटके तो अडवतो, जवळ पडलेली वीज नाही. वळिवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की पिन बोर्डातून बाहेर. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि ओल्या हाताने पिनेला हात लावू नका, हे लहान मुलांना वेगळं सांगा.

मडगावहून

आमच्याकडे काही जुन्या घरांत खरा पियानो असतो, त्याला ट्यूनर शोधत फिरावं लागतं. डिजिटलला ट्यूनिंग नाही म्हणून सगळे खूश. पण दमट हवा त्यालाही सोडत नाही. जूनपासून पुढे पट्ट्या चिकटू लागतात, हेडफोनचं भोक गंजतं, मग एकाच कानात आवाज. आम्ही रेक्झिनचं कव्हर काढून टाकलं, त्याच्या आत ओल कोंडून बुरशी धरत होती. आता जुनी सुती चादर. भिंतीपासून वीतभर अंतर, कारण भिंतच घाम गाळते. सिलिका जेलच्या पुड्या पट्ट्यांजवळ ठेवतो, त्यांचा रंग बदलला की नव्या. मुख्य म्हणजे रोज वाजवतो. बंद पडून राहिलेल्या पियानोत मुंग्या आणि झुरळं आधी शिरतात. त्याच्याजवळ बसून खाणं घरात बंद आहे, पाहुण्यांनासुद्धा.

एसीच्या गाडीतून आणलेला पियानो लगेच चालू करू नका. थंड यंत्रावर आत दव धरतं. काही तास तसाच राहू द्या.

पुणे ३०

दसऱ्याचं कोणीच कसं लिहिलं नाही? आमच्या घरी शस्त्रं नाहीत, वाद्यं आहेत, त्यामुळे पूजा त्यांची. तबल्याला चालतं म्हणून सासूबाईंनी पियानोलाही हळद-कुंकू वाहिलं, वर फुलाने पाणी शिंपडलं. पाणी लगेच टिपलं, पण हळद पांढऱ्या पट्टीवर काही महिने होती. आता पूजा चादर घातलेल्या पियानोची होते, फूल आणि अक्षता चादरीवर, निरांजन शेजारच्या पाटावर. त्यावर समई किंवा फुलदाणी ठेवायची नाही, हे सासूबाईंनीच आता सगळ्यांना बजावलंय.

पुसायला मऊ कापड, पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं. स्वरांची नावं लिहिलेले स्टिकर काढताना नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं.

खालच्या मजल्यावरची

माझ्याकडे पियानो नाही. वरच्यांकडे आहे. मुलगा गुणी, हेडफोन लावून वाजवतो, आणि त्याच्या आईला वाटायचं की आता कोणालाच त्रास नाही. अहो, सूर नाही ऐकू येत, ठोके येतात! पट्टी तळाला आपटते तो धक्का स्टँडमधून स्लॅबमध्ये, तिथून माझ्या छतात. रात्री साडेदहाला ठक, ठक-ठक, ठक. ना ताल ना चाल. भांडायला गेले नाही, बोलवायला गेले. वरच्यांना माझ्या खोलीत झोपाळ्यावर बसवून ऐकवलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी जिममध्ये घालतात त्या जाड रबरी चटयांचे तुकडे स्टँडखाली घातले, स्टूलखालीही. बराच फरक पडला. पेडलखालीही घाला असं सांगणार आहे. हेडफोन लावला म्हणजे शेजारधर्म पाळला असं समजू नका, एवढंच.

म्युनिकवासी

काकूंना दंडवत. इथे जर्मनीत हे प्रकरण थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेलं होतं. २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. अंदाज म्हणून कामाच्या दिवशी दोन ते तीन तास, रविवारी आणि सणाला एक ते दोन तास, आणि दुपारच्या-रात्रीच्या शांततेच्या वेळा पाळायच्या. त्यामुळे डिजिटल पियानो इथे भाड्याच्या घरात वरदान आहे. भारतातून आणणाऱ्यांसाठी : इथेही २३० व्होल्टच. अमेरिकेला नेत असाल तर ॲडाप्टरवर १०० ते २४० छापलंय का ते बघा, नसेल तर तिथे नवा घ्या.

कानांच्या दवाखान्यात काम करते

हेडफोनचं कौतुक चाललंय म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही मर्यादा, मुलांसाठी ७५. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. घरी डेसिबल कोण मोजणार? आम्ही पालकांना सांगतो, आवाजाच्या बटणावर खुणेचा ठिपका लावा आणि मूल बसण्याआधी तुम्ही स्वतः हेडफोन घालून ऐका. कान पूर्ण बंद न करणारे हेडफोन असले की मुलं आवाज कमी ठेवतात, असं मला दिसलंय. वायरचेच घ्या, ब्लूटूथमध्ये पट्टी दाबल्यावर सूर उशिरा पोचतो, ताल बिघडतो. आणि जॅक तपासा, काही पियानोंना जाड ६.३५ मिलिमीटरचा लागतो, मोबाइलचा बारीक बसवायला जोडणी मिळते.

दोन पोरांचा बाप, कल्याण

एक्स आकाराचा स्टँड स्वस्त, पण पोर पट्ट्यांवर ओणवं झालं की डुलतो. उंची बदलताना सांध्यात बोट चिमटतं, तेव्हा मुलं खोलीबाहेर. आम्ही लाकडी स्टँड घेतला, पियानो खालून स्क्रूने पक्का बसतो. वायरी भिंतीच्या कडेने टेपने चिकटवल्या.

पेडल दाबलेलं नसताना सूर लांबत असतील तर घाबरू नका. बंद करा, पेडलची पिन नीट लावा, पायाने न दाबता पुन्हा चालू करा. काही यंत्रं चालू होताना पेडलची दिशा ओळखतात.

> पेटीवाला, सांगली : आमचा बिऱ्हाड बदलायचा योग आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही. कसा न्यावा?

मूळ खोका आणि थर्माकोल असेल तर त्यातच. म्युझिक स्टँड, पेडल, ॲडाप्टर आधी काढून वेगळ्या पिशवीत. दोन माणसं, एक पुढे एक मागे, आडवाच धरून. जिन्याच्या वळणावर खोका मावतो का ते आदल्या दिवशी टेपने मोजा, कारण खोका पियानोपेक्षा बराच लांब असतो. मावला नाही तर जाड रजईत गुंडाळून न्या आणि पट्ट्यांवर काहीही रचू देऊ नका, टेम्पोवाल्याला हे दोनदा सांगावं लागतं.