नृत्यवर्गात ओढणी हवीच का? नानांना सविस्तर उत्तर

खाडीकाठ, रत्नागिरी
राजापूरच्या नानांनी परवा इथे लिहिले की नृत्य कोणतेही असो, वर्गात मुलींनी सलवार-कमीझ घालून ओढणी कमरेशी बांधावी, मुलांनी कुडता-पायजमा घालावा आणि टी-शर्ट-लेगिंगची मुंबईची थेरे मुंबईतच राहू द्यावीत. त्याखाली इतक्या जणांनी माना डोलावल्या की उत्तर देणे भाग पडले.

मी भरतनाट्यम शिकले. ओढणी मलाही बांधावी लागे आणि तिचे कारण आमच्या गुरूंनी सुरुवातीलाच सांगितले होते. सैल कमीझ कमरेशी आवळलेली नसली, तर अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूंना वाकवून अर्धे बसण्याच्या स्थितीत, असलेल्या मुलीची पाठ ताठ आहे की पुढे कलली आहे, गुडघे दोन्ही बाजूंना उघडले आहेत की समोर आले आहेत, हे दिसतच नाही. सरावाची साडी घोट्याच्या बरीच वर नेसून खाली पायजमा घालतात, तोही याचसाठी. कथकात चुडीदार असतो, कारण तत्कार, म्हणजे तालावरचे पदन्यास, करताना पाऊल पूर्ण पडते की नाही हे गुरूंना पाहायचे असते. बॅलेचा अंगासरशी पोशाख, म्हणजे लिओटार्ड, एकोणिसाव्या शतकातील ज्यूल लेओतार या फ्रेंच झुलेपटूच्या नावाने ओळखला जातो. मांडी खुब्यापासून वळली की नुसतीच पावले वळवली, हे शिक्षकांना त्यात दिसते. नानांना जो पोशाख निर्लज्ज वाटतो आणि जो सोज्ज्वळ वाटतो, त्या दोन्हींचे काम एकच आहे.

आता माझी मुलगी समकालीन नृत्य शिकते. त्यात जमिनीवर लोळायचे असते, खांद्यावरून कोलांटी घ्यायची असते. अशा वेळी ओढणी अंगाखाली सापडते आणि कमीझचा घेर पायात येतो. तिथे लेगिंग आणि गुडघ्यांना पॅड हाच शहाणपणाचा पोशाख आहे. हिप-हॉपला बूट लागतात, कारण फरशीवर तासभर अनवाणी उड्या मारणे टाचांना आणि नडग्यांना सोसत नाही. राहता राहिली परंपरा, तर भरतनाट्यमचा पंख्यासारख्या निऱ्यांचा शिवलेला वेष विसाव्या शतकातला आहे. १९३६ मध्ये चेन्नईत कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापन करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकाराने तो रूढ झाला. नानांच्या वडिलांच्या लहानपणी तो नव्हता.

तत्कार, चिपळूण
ताई, आपण लिहिलेले सगळे वाचले. मी कथक शिकवते, आणि वर्गाच्या आत उभे राहून पाहिले की काही गोष्टी वेगळ्या दिसतात.

आमचा वर्ग देवळाच्या सभागृहात भरतो. पाच वाजता कथक, सहा वाजता चित्रपटगीतांवरील नृत्य, आणि निम्म्या मुली दोन्हीकडे त्याच. कपडे बदलायला खोली नाही, म्हणून दोन्ही तासांना मी एकच पोशाख ठरवला. टी-शर्टचा गळा वाकताना खाली येतो, खिडकीशी वाटेवरचे रिकामटेकडे उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी पालकांचा फोन येतो तो मला, आपल्याला नव्हे.

शिवाय हल्ली मुलीला तत्कार वेगवेगळ्या लयींत येण्याआधी घुंगरू हवे असतात, आणि पालकांना ‘प्रवेशिका पूर्ण’ ही नृत्याची परीक्षा कधी होईल हे हवे असते, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. नृत्य कोणालाच नको आहे. अशा परिस्थितीत ओढणीची गाठ मारताना मुलगी क्षणभर थांबते आणि बाहेरचे बाहेर ठेवते, एवढे जरी झाले तरी मला पुरेसे आहे. याला कोणी जुनाट म्हणणार असेल तर खुशाल म्हणावे.

आंबेवाली, देवगड
बाई, गाठ मारायला ओढणी आधी वाळावी लागते! जून ते सप्टेंबर आमच्याकडे सुती सलवार-कमीझ दोरीवर तीन-तीन दिवस दमट राहते, म्हणून प्रत्येक मुलीला निदान तीन जोड लागतात. त्यावर उपाय म्हणून मुलीच्या वर्गाने पॉलिस्टरचे छापील टी-शर्ट सक्तीचे केले. ते तासाभरात वाळतात हे खरे, पण घाम जिरवत नाहीत. मुलीच्या मानेवर आणि कमरेवर नायटा उठला, आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न कपड्यांचाच विचारला. तो टी-शर्ट बाहेर मिळत नाही, वर्गातूनच घ्यावा लागतो, आणि बाजारातील किमतीच्या दुप्पट दराने. परंपरा विरुद्ध आधुनिकता असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकदा पालकांच्या खिशाचाही विचार करावा.

घुंगरांचेही तेच. कथकाचे घुंगरू दोरीत ओवलेले असतात, त्यामुळे दोरी कुजली तर नवी घालता येते. धाकटीचे भरतनाट्यमचे घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावर आहेत आणि दर पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. चेन्नईतील कोणाला हा प्रश्न पडत नसावा.

बाल्या, संगमेश्वर
सगळे मुलींच्या कपड्यांवर बोलत आहेत. मुलांबद्दल कोणी एक ओळ लिहिली का?

आमच्या वाडीतील पोरे गौरी-गणपतीत पायात चाळ बांधून रात्र-रात्र जाखडी नाचतात. मृदंगावर थाप पडली की पन्नाशीचे काकाही फेरात उतरतात. मात्र तालुक्याच्या नृत्यवर्गात एकही मुलगा नाही. माझ्या मुलाला मी घातले होते. पहिल्याच दिवशी शिवलेले धोतर आणि कमरेला शेला सांगण्यात आला, शाळेत ते कळले आणि त्याचे हसे झाले. त्याने पुन्हा पाऊल टाकले नाही. नमन या आमच्या लोकनाट्यात पुरुष गौळण होतो, दशावतारात पुरुष साडी नेसून राणी होतो, तेव्हा गाव हात जोडून बसते. तोच गाव वर्गातल्या मुलाला हसतो. साधी विजार आणि बनियन चालले असते तर काय बिघडले असते?

शक्तीवाला, लांजा
बाल्याभाऊ, जाखडीच्या साधेपणाचे गोडवे गाऊ नका. आज जाखडीच्या नाचणाऱ्यांच्या अंगावर साटीन, टिकल्या आणि झालरी इतक्या असतात की पावले कोणती हेच कळत नाही. मुंबईच्या नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे जाखडीच्या दोन पक्षांचा सवाल-जबाबांचा, सामना असला की मंडळे गाण्यापेक्षा कपड्यांवर अधिक खर्च करतात. आमच्या आजोबांच्या वेळी धुतलेले धोतर आणि सदरा असे आणि लक्ष शाहिराच्या सवालाकडे असे.

बाल्या, संगमेश्वर
आपल्या मंडळाचे साटीन आम्ही गेल्या गणपतीत पाहिले आहे, त्यामुळे आजोबांच्या धोतराची आठवण आपण इतरांना करून देऊ नये. मुद्दा मुलांच्या पोशाखाचा होता. साटीन घालून का होईना, ती पोरे नाचतात. पोरांना पोशाख स्वतःचा वाटला, आपल्या वाडीचा वाटला, की ते झालरही घालतात आणि शिमग्याच्या सोंगातल्या संकासुराची उंच टोपीही मिरवतात. वर्गात तोच पोशाख वरून लादला जातो.

शक्तीवाला, लांजा
आमचे साटीन काढलेत म्हणून सांगतो, ते लोकवर्गणीचे होते. आणि वाडीत पोशाख लादला जात नाही हा आपला गोड गैरसमज आहे. मंडळाच्या पोशाखाची वर्गणी न देणाऱ्या मुलाला फेरात उभे करत नाहीत, हे आपल्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही.

आंबेवाली, देवगड
म्हणजे तिथेही पैसे पालकांचेच. छान.

नाना, राजापूर
माझ्या चार ओळींवर एवढे पुराण झाले याचे आश्चर्य वाटते. ताईंनी बॅले आणि फ्रान्स काढले, कोणी बुरशी काढली, कोणी साटीन. लोळायच्या नृत्यात ओढणी अडकते, हे मान्य करायला मला अडचण नाही. माझी अडचण लोळण्याच्याच नृत्याशी आहे. तथापि ते शिकवणारच असाल तर निदान बुटांचे पाहा. बाहेरची लाल माती तुडवत आलेले बूट घालून मुले सभागृहात नाचतात, आणि संध्याकाळी त्याच फरशीवर भजनाला बसणाऱ्या आमच्या पांढऱ्या धोतरांची काय अवस्था होते हे कोणी लिहीत नाही.

खाडीकाठ, रत्नागिरी
नाना, बुटांबाबत आपण अगदी बरोबर आहात, आणि हे वाक्य लिहिताना मला होणारा त्रास आपण समजून घ्याल. हिप-हॉपचे बूट वर्गात आल्यावर पिशवीतून काढायचे असतात. रस्त्यावरचे बूट दारातच राहिले पाहिजेत, कारण तळव्याला खडा चिकटला की फरशीवर घसरायला होते. मोजे घालून नाचणे तर त्याहून धोक्याचे, पावसात ओलसर फरशीवर विशेषतः.

बाल्यादादांच्या मुलाला धोतराची सक्ती व्हायला नको होती. सरावाला गुडघा मोकळा राहील अशी कोणतीही विजार चालते, धोतर रंगमंचावर चढताना नेसावे. बाईंना मात्र एकच विचारते. खोली नाही, ही अडचण खरी आहे. मग मुलींनी कमीझच्या आत लेगिंग आणि बंद गळ्याचा सुती टी-शर्ट घालून यावे आणि सहा वाजता वरचे काढून ठेवावे, यात आपल्याला हरकत काय?

तत्कार, चिपळूण
मे महिन्यात चिपळुणात दोन थर घालून पत्र्याखाली तत्कार करून दाखवा, म्हणजे हरकत कळेल. पावसाळ्यानंतर, थंडीच्या तीन महिन्यांपुरते, आपले म्हणणे करून पाहायला मी तयार आहे. सहाच्या तासाला ओढणी नसली तरी चालेल, लेगिंगही चालेल, टी-शर्ट बंद गळ्याचा आणि मांडीपर्यंत लांब हवा. देवगडच्या ताईंच्या समाधानासाठी सांगते, तो कुठूनही आणा, मी विकत नाही. पाचच्या तासाला मात्र ओढणी बांधलेली दिसली नाही तर मुलीला ओट्यावर बसवीन, आणि त्याची तक्रार इथे येऊन करू नये.

नाना, राजापूर
खिडकीला पडदा लावा बाई. देवळाच्या विश्वस्तांना मी सांगतो. पैसे पालकांकडून घ्या.

आंबेवाली, देवगड
आलेच पुन्हा आमच्याकडे!