अंगठा हलतो की नाही: साधा स्टिम्युलेटर, अ‍ॅक्सेलेरो की ईएमजी?

घोडबंदरवाला
मी फिरता भूलतज्ज्ञ. सकाळी नौपाडा, दुपारी माजिवडा, कधी संध्याकाळी ऐरोली. भुलीत दिलेलं स्नायू ढिले करणारं औषध (रिलॅक्संट) शेवटी पुरतं उतरलं का, हे मनगटाच्या नसेला विजेचे चार ठोके देऊन अंगठा किती झटकतो यावरून बघतात. त्यासाठी आता बॅगेत अंगठ्याची हालचाल मोजणारा, स्वतःच्या पैशांनी घेतलेला अ‍ॅक्सेलेरोमायोग्राफ असतो. फिरत्या माणसाने हाच घ्यावा असं माझं मत. ईएमजी (स्नायूतली वीज मोजणारं यंत्र) चांगलं असेलही, पण त्याचा इलेक्ट्रोड दर पेशंटला नवा. हर्नियाच्या पॅकेजमध्ये तो कुणाच्या खिशातून? साधा स्टिम्युलेटर मात्र मी काढून टाकला; तो नुसते ठोके देतो, अंगठा आपणच बोटांनी चाचपायचा. रेशो (अंगठ्याचा चौथा झटका पहिल्याच्या किती पट, तो आकडा) ०.४ च्या वर गेला की चौथा झटका पहिल्यापेक्षा दुबळा आहे हे बोटांना कळतच नाही, आणि श्वासाची ट्यूब काढायला हवा ०.९. मधला सगळा पल्ला अंदाजपंचे.

जुनाजाणता
तीस वर्षं पाच सेकंद डोकं उचलायला लावून ट्यूब काढतोय. अ‍ॅट्राक्युरिअम हे माझं नेहमीचं रिलॅक्संट, आपोआप उतरतं. ही खेळणी कशाला?

घोडबंदरवाला
सर, रेशो ०.६ असतानाही पेशंट डोकं उचलतो, घसा मात्र ढिलाच असतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याच केसमध्ये डोकं उचललं, हात दाबला, सगळं छान. रिकव्हरीत दहा मिनिटांत ऑक्सिजन सॅच्युरेशन ८८. जबडा धरून उभा होतो आणि बाहेर नातेवाईक विचारत होते, चहा पाजू का म्हणून. त्या दिवशी यंत्र नव्हतं.

वाशीची भूलवाली
यंत्र हवं, एवढं मान्य. पण अ‍ॅक्सेलेरोला अंगठा मोकळा हलावा लागतो आणि लॅप्रोस्कोपीत दोन्ही हात अंगालगत गुंडाळलेले. परवा आकडा ०.५५ वर अडकला. जादा निओस्टिग्मिन (रिलॅक्संट उतरवणारं औषध) भरायला घेतलं होतं, तेवढ्यात ड्रेपखाली हात घालून बघितलं, तर अंगठा आर्मगार्डला टेकलेला. सोडवला, ०.९२! ईएमजी स्नायूतली वीज मोजतं, अंगठा हलो न हलो. शिवाय अ‍ॅक्सेलेरोचं बेसलाइन, म्हणजे रिलॅक्संटआधीचा आकडा, १.१ आलं, तर पडद्यावरचा ०.९ खरा ०.८२ च. बेसलाइन घेता का?

घोडबंदरवाला
घेतो, इंडक्शननंतर (पेशंट झोपला की), रिलॅक्संटच्या आधी. सर्जन घड्याळाकडे बघत राहतो, बघू दे. पण कॉटरी (विजेने रक्त थांबवायचं हत्यार) चालू असताना तुमच्या ईएमजीचा आकडा मिळतो का?

वाशीची भूलवाली
नीट नाही मिळत. पण मला तो लागतो शेवटी, तेव्हा टाके चालू असतात.

ओटी टेक्निशियन, कोपरखैरणे
आमच्याकडे दोन्ही आहेत. अ‍ॅक्सेलेरोची वायर ट्रॉलीच्या चाकाखाली येऊन तुटते, ते कुणी लिहीत नाही. हात मिळत नसला की काही सर भुवईवर लावतात, ते चालतं का?

वाशीची भूलवाली
ट्यूब काढायचं ठरवायला नाही हो दादा. भुवईचा स्नायू अंगठ्याआधी सावरतो, आकडा फसवा येतो. अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेच्या २०२३ च्या गाईडलाइनमध्येही डोळ्याभोवतीचे स्नायू टाळा, अंगठ्यावर मोजा, असंच आहे.

जुनाजाणता
एवढं कशाला, रिलॅक्संट उतरवायला सुगामाडेक्स द्या आणि मोकळे व्हा.

घोडबंदरवाला
सर, तुमच्या लाडक्या अ‍ॅट्राक्युरिअमवर ते चालत नाही! रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटवरच. आणि किलोला २ मिलिग्रॅम की ४, हेही ब्लॉक किती खोल आहे ते मोजूनच ठरतं.

जुनाजाणता
बरं. मंगळवारी आणा तुमचं खेळणं. दोन गॉलब्लॅडर आहेत. हात गुंडाळलेले असणार, आधीच सांगतो.