मदत हवी आहे: पायक्यूटीत प्रोग्राम केलाय, गिऱ्हाईक सोर्स कोड मागतंय

काटा_भोसरी: भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी वजनकाट्याचा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलाय, स्क्रीन पायक्यूटीत (क्यूटी ही स्क्रीन बनवायची लायब्ररी पायथनमधून वापरायचं साधन). त्यांचे अकाउंट्सवाले म्हणतात, ओपन सोर्स वापरलंय म्हणजे कोड आम्हाला द्यायलाच हवा. खरं आहे का? की सगळं सोडून व्हिज्युअल स्टुडिओत सी शार्पमध्ये लिहू? उद्या सकाळी कोटेशन द्यायचंय, लवकर सांगा.

धनकवडी_देव: पायक्यूटी 5 की 6? परवाना विकत घेतलाय की पिपने, म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवायच्या साधनाने, उतरवलंय? एक्झी (थेट चालणारी फाइल) देताय का? डेटाबेस कुठला?

काटा_भोसरी: 5. पिपनेच. पायइन्स्टॉलरने एकच एक्झी. एसक्यूलाइट. याचा काय संबंध?

धनकवडी_देव: सगळा संबंध तिथेच आहे. पिपवरचं पायक्यूटी जीपीएल 3 या ओपन सोर्स परवान्याखाली येतं. एक्झी ज्याच्या हातात दिली, त्याला सगळ्या प्रोग्रामचा सोर्स द्यावा लागतो, आणि तो पुढे कुणालाही देऊ शकतो. जगासमोर मांडायची सक्ती मात्र नाही. म्हणजे अकाउंट्सवाले बरोबर आहेत, पण कारण चुकीचं सांगतायत. एसक्यूलाइट पब्लिक डोमेन आहे, म्हणजे कुणाच्या मालकीचं नाही, पायथनची अशी अट नाही, पायइन्स्टॉलर जीपीएल असला तरी त्याने बनवलेल्या एक्झीला खास सूट आहे. अडचण एकट्या पायक्यूटीची. पायसाइड 6 घ्या, तेही क्यूटीसाठीच आहे, पण एलजीपीएल या सैल परवान्याखाली, त्यात तुमचा कोड द्यावा लागत नाही. आणि वनफाइल (सगळं एका एक्झीत) नको, वनडीर (सगळं एका फोल्डरमध्ये) करा. क्यूटीच्या डीएलएल (लायब्ररीच्या फायली) फोल्डरमध्ये सुट्या राहतात, वापरणाऱ्याला बदलता येतात, एलजीपीएलला तेच हवं असतं. परवान्याची प्रतही सोबत ठेवा.

शार्प_वाकड: एवढा खटाटोप कशाला? व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी एकट्या माणसाला फुकट आहे, त्यात केलेलं विकताही येतं. सोबत डेटाबेससाठी मायक्रोसॉफ्टचा फुकट एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस टाका.

धनकवडी_देव: आणि एक्सप्रेस 2019 ची 10 जीबीची मर्यादा?

शार्प_वाकड: रोज 500 वजनं, एक नोंद 200 बाइट, म्हणजे दिवसाला 100 केबी. 10 जीबी भरायला पिढ्या जातील.

धनकवडी_देव: प्रत्येक वजनासोबत गाडीचा 100 केबीचा फोटो डेटाबेसमध्ये ठेवला तर दिवसाला 50 एमबी. सात महिन्यांच्या आत भरतं. शिवाय एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरने लावावा लागतो.

हडपसर_सिरीयल: यूएसबी-सिरीयल केबल दुसऱ्या पोर्टला लावली की कॉम नंबर (पोर्टचा क्रमांक) बदलतो आणि प्रोग्राम गप्प बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर पक्का करा. बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) काट्याच्या इंडिकेटरवर बघूनच टाका, 9600 गृहीत धरू नका.

काटा_भोसरी: काट्याचं वाचन नीट येतंय, ते विचारलं नव्हतं. देव साहेब, त्यांच्या मशीनवर पायसाइड 6 बसेल ना? विंडोज 7 आहे, 32 बिट.

धनकवडी_देव: अहो, हे आधी सांगायचं! क्यूटी 6 ला विंडोज 10 लागतं. मग पायसाइड 2 घ्या, आवृत्ती 5.15.2, तेही एलजीपीएल. पायथन 3.8 चं 32 बिट, कारण 3.9 पासून विंडोज 7 चालत नाही. एक्झीही त्याच 32 बिट पायथनमधून बनवा, 64 बिटवर केलेली तिथे उघडणार नाही. क्यूटी 5 च राहत असल्याने कोडमध्ये फार बदल नाहीत: इम्पोर्ट बदला, पायक्यूटीसिग्नल आणि पायक्यूटीस्लॉट यांच्या जागी नुसतं सिग्नल, स्लॉट. क्यूटी डिझायनरमध्ये काढलेल्या स्क्रीनच्या फायली लोडयूआयने उघडत असाल तर तिथे मोडेल, म्हणून त्या पायसाइड 2 च्या यूआयसी या साधनाने पायथनमध्ये करून घ्या. आणि शार्प साहेब, एसक्यूएल सर्व्हर 2019 विंडोज 7 वर बसतच नाही.

शार्प_वाकड: मान्य, मग एसक्यूलाइटच ठेवा. पण सी शार्पला लागणारं डॉटनेट फ्रेमवर्क 4.8 विंडोज 7 सर्व्हिस पॅक 1 वर चालतं, तेवढं खोडू नका.

काटा_भोसरी: बरं. मग कोटेशनमध्ये कोडबद्दल काय लिहू?

कर्वेरोड_करार: नोकरीत नसताना दुसऱ्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो त्यांना द्यायचा तर कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून दोन दर द्या: एक नुसत्या वापराचा, दुसरा कोडसकट मालकीचा.

काटा_भोसरी: दोन दर लिहितो. ते मशीन बदलणार आहेत का, तेही सकाळी फोन करून विचारतो.