मदत हवी आहे: ५ महिन्यांच्या मुलीला शंट की ईटीव्ही?

आम्ही हडपसरला राहतो. मुलीला जन्मतः स्पायना बिफिडा (मायलोमेनिंगोसील, म्हणजे पाठीचा कणा नीट बंद न होणं), पाठीचं ऑपरेशन तिसऱ्याच दिवशी झालं, जखम छान भरलीये. पण मेंदूत पाणी साठून डोकं वाढतंय, दर सोमवारी मी टेप लावते तर तीन आठवड्यांत ४३ चं ४५ सेंमी झालं, टाळू फुगलेली, आणि आता डोळेही खाली ओढल्यासारखे दिसतात. एमआरआय झालाय, ऑपरेशन परवाच आहे, त्यामुळे "आधी डॉक्टरांना दाखवा" प्लीज नको.

दोन न्यूरोसर्जन, दोन मतं. एक म्हणतात व्हीपी शंट, म्हणजे डोक्यातलं पाणी नळीने पोटात सोडायचं. दुसरे म्हणतात ईटीव्ही, दुर्बिणीने छिद्र पाडून पाण्याला आतच वाट करायची आणि सोबत कोरॉइड प्लेक्सस (हे पाणी तयार करणारा भाग) जाळायचा, युगांडात रुळलेली पद्धत आहे, नळीच नको. पण वय कमी म्हणून सक्सेस स्कोअर (ईटीव्ही यशस्वी होण्याची अंदाजे टक्केवारी) ४० च येतोय. (सासूबाईंचं मत: नळी नकोच. बरं.) शंटला इन्फेक्शन होतं, ब्लॉक होतो, ईटीव्हीचं छिद्रही बंद होऊ शकतं, हे सगळं वाचून झालंय.

ज्यांच्या स्पायना बिफिडाच्या बाळाचं सहा महिन्यांच्या आत ईटीव्ही झालं, त्यांचं टिकलं का की शेवटी शंट घालावाच लागला, आणि बंद पडतंय हे घरी तुम्हाला नेमकं कशावरून कळलं?