मदत हवी आहे: मूत्राशयात परत स्टोन, पोट उघडायचं की दुर्बिणीने?

प्राची_नागपूर: धाकट्या भावाला परत स्टोन झाला, मागच्या वर्षीच काढला होता. एक डॉक्टर म्हणतात पोट उघडू, धंतोलीतले दुसरे म्हणतात दुर्बिणीने होते. शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे, ज्यांनी केलं त्यांनी लवकर सांगा.

वर्धारोडवाला: किती एमएम? वय?

संत्रानगरी: ऑपरेशन काहून करता ताई, कुळथाचं कढण आणि पाषाणभेद द्या, माझा किडनीतला ५ एमएमचा पडला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, लोकं पाणीच पीत नाहीत न.

प्राची_नागपूर: मूत्राशयात आहे म्हटलं न, ३ सेंटीमीटर. वय १९. आणि तो लघवी काढायची नळी बेंबीतून टाकतो, मग दुर्बीण कुठून घालणार?

वर्धारोडवाला: बेंबीतून?? आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलंय का?

प्राची_नागपूर: हो, लहानपणीच, स्पायना बायफिडा आहे, म्हणजे पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष.

निवृत्त_काका: मुली, ही गोष्ट पहिले सांगायची. माझं कॅन्सरनंतर पूर्ण मूत्राशयच आतड्याचं केलंय, मलाही खडे झाले. आतडं लघवीतही चिकट म्युकस सोडतच राहते, नळीने लघवी पूर्ण निघाली नाही की तो तळाशी साचतो, त्यात प्रोटियससारखे जंतू वाढले की लघवी अल्कलाइन होते आणि त्यावर खडा धरतो. कुळथाने हा जात नाही.

संत्रानगरी: काका, आयुर्वेदाला नावं नका ठेवू, पाणी तर दोघांनाही लागतेच न.

निवृत्त_काका: पाणी लागतेच, पण ३ सेंटीमीटरचा खडा काढ्याने पडेल म्हणून पोराला थांबवू नका.

वर्धारोडवाला: बेंबीच्या रस्त्याने मोठी दुर्बीण घातली तर तो रस्ता खराब होऊ शकते. बेंबीच्या खाली छोटं छिद्र करूनही काढतात, दुसरे डॉक्टर तेच म्हणून राहिले का ते विचारा. कसंही काढा, आत तुकडा राहायला नको, आणि खडा तपासायला पाठवा.

गृहिणी_मनीषनगर: महात्मा फुले योजनेत बसते का बघा, रेशन कार्ड लागते.

प्राची_नागपूर: पैशाचं बघू आम्ही. काका, परत होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

निवृत्त_काका: रोज नळीतून सलाईन टाकून मूत्राशय धुतो, म्युकस निघेपर्यंत. थोडक्यात भागत नाही, २४० मिली किंवा जास्त सलाईनने धुणाऱ्यांना खडे कमी होतात असं अभ्यासात दिसलंय, पण त्याच्या मूत्राशयात किती मावते ते डॉक्टरांना विचार. नळी वेळेवर टाकायची, रात्रीची पण.

प्राची_नागपूर: धुवायचं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तो नळी टाकते आणि लगेच उठते. उद्याच विचारते.