शब्दचर्चा : ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ यातील ‘नाव’ आणि ‘पवित्र’

विचारणा

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील पहिली विनंती ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:९) आणि लूकच्या शुभवर्तमानात (११:२) ती येते. ‘पवित्र’ म्हणजे शुद्ध, निर्मळ, विटाळ नसलेले असे आपण मराठीत समजतो. मग देवाचे नाव मुळातच पवित्र असताना त्यासाठी विनंती करण्याचे प्रयोजन काय, हे मला उमगत नाही. शिवाय हे ‘नाव’ कोणते? देव, परमेश्वर, प्रभू, यहोवा, येशू असे अनेक शब्द ख्रिस्ती लेखनात आढळतात. त्यांपैकी नाव कोणते आणि उपाधी कोणती, हे जाणकारांनी स्पष्ट करावे.

उत्तर

अडचण ‘पवित्र’ या शब्दाच्या घडणीतूनच येते. तो संस्कृतातील ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून आला असून वेदांत सोमरस गाळण्याच्या साधनालाही ‘पवित्र’ म्हटले आहे. म्हणजे मळ काढून टाकणे ही कल्पना या शब्दाच्या मुळाशी आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘कादोश’ हा हिब्रू शब्द वापरात वेगळ्या बाजूने चालतो. देवाचे म्हणून वेगळे राखलेले, इतरांच्या रांगेत न बसणारे, असा त्याचा रोख आहे. लेवीय १०:१० मध्ये याजकांना दोन निरनिराळे भेद करण्यास सांगितले आहे : एक पवित्र आणि सामान्य यांतील, दुसरा शुद्ध आणि अशुद्ध यांतील. हिब्रूत हे चार स्वतंत्र शब्द आहेत आणि ‘कादोश’चा विरुद्धार्थी शब्द मळकट या अर्थाचा नसून सर्वसाधारण वापरातील या अर्थाचा आहे. मराठीत मात्र ‘पवित्र’समोर आपण ‘अपवित्र’ हाच शब्द ठेवतो आणि तो उच्चारताच मनात विटाळाची कल्पना येते, त्यामुळे चार शब्दांचे जवळजवळ दोनच होऊन जातात.

शब्बाथाचे, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या सातव्या दिवसाचे, उदाहरण घेतले तर हे लगेच पटते. उत्पत्ती २:३ मध्ये देवाने सातवा दिवस पवित्र ठरवला. दिवस मळत नाही आणि धुताही येत नाही. तो फक्त इतर सहा दिवसांपासून वेगळा काढता येतो. अर्थात शुद्धतेचा अर्थ अगदीच परका आहे असेही नाही. यशया ६ मध्ये सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे स्वर्गीय जीव, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असा घोष करतात, तेव्हा संदेष्ट्याला प्रथम स्वतःच्या अशुद्ध ओठांची जाणीव होते. परंतु तेथेही देवाचे अगदी निराळे असणे आधी येते आणि माणसाला आपला मळ दिसणे त्यामागून येते.

आता ‘नाव’. येथे मराठी आपल्या बाजूने आहे, कारण नाव म्हणजे केवळ हाक मारण्याचा शब्द नव्हे हे आपल्या वाक्प्रचारांना पक्के ठाऊक आहे. मुलगा बापाचे नाव काढतो, नाव राखतो किंवा नाव बुडवतो. माणूस आपल्या नावाला जागतो. या प्रत्येक ठिकाणी नावात माणसाची ओळख, त्याची कीर्ती आणि त्याचा शब्द सामावलेला असतो. प्रार्थनेची सुरुवात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी आहे आणि लगेच नावाची गोष्ट येते, हे मराठी वाचकाला या वाक्प्रचारांमुळे विशेष जवळचे वाटावे. बायबलमधील अर्थ त्याही पुढे जातो. मोशे देवाचे तेज पाहू इच्छितो तेव्हा देव त्याच्यासमोरून जाताना आपल्या नावाची घोषणा करतो (निर्गम ३४:५-७), आणि त्या घोषणेत दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, सत्याने संपन्न, तरीही अपराध्याला निर्दोष न ठरवणारा अशी वर्णने येतात. देवाने स्वतःविषयी जे प्रकट केले ते त्याचे नाव, असे म्हणण्यास हा एकच उतारा पुरेसा आहे.

योहान १७:६ मध्ये येशू पित्याला म्हणतो की, तू मला दिलेल्या लोकांना मी तुझे नाव प्रकट केले आहे. ते लोक यहुदी होते. देवाच्या नावाची अक्षरे त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. तेव्हा येथे प्रकट झालेले ‘नाव’ म्हणजे अक्षरे असू शकत नाहीत.

पुढील शंका

‘नाव’ म्हणजे देवाचे प्रकट स्वरूप हे पटले. तरीही विशेषनाम असे काही आहे की नाही? मराठी बायबलमध्ये ‘परमेश्वर’ सर्वत्र आढळतो. त्याला विशेषनाम समजावे का?

उत्तर

विशेषनाम निश्चितच आहे. योद, हे, वाव, हे या चार हिब्रू व्यंजनांनी ते लिहिले जाते आणि हिब्रू बायबलमध्ये ते सुमारे ६,८०० वेळा येते. जळत्या झुडपापाशी मोशेने नाव विचारले तेव्हा मिळालेले ‘मी आहे तो आहे’ हे उत्तर (निर्गम ३:१४) ‘असणे’ या क्रियापदाशी त्या नावाचा संबंध जोडते. यहुदी लोकांनी आदरापोटी त्याचा उच्चार टाळला. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातील वर्णनानुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक मंदिरात ते उच्चारीत असे. इसवी सन ७० मध्ये मंदिर नष्ट झाल्यावर तो प्रसंगही उरला नाही. वाचताना त्याजागी ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ म्हणण्याची रीत होती. पुढे हिब्रू मजकुराला स्वरचिन्हे देणाऱ्या पंडितांनी या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडले, आणि ही वाचकाला दिलेली खूण आहे हे न ओळखणाऱ्या ख्रिस्ती वाचकांनी दोन्ही एकत्र वाचल्यामुळे ‘यहोवा’ हे रूप तयार झाले. अभ्यासक आज ‘याहवे’ हा उच्चार अधिक संभाव्य मानतात. तरीही व्हॅटिकनने २००८ साली कॅथलिक उपासनेत आणि गीतांत हा उच्चार करू नये अशी सूचना दिली आणि ‘प्रभू’ या अर्थाचा शब्द वापरण्याची जुनीच प्रथा कायम ठेवली.

मराठी बायबलमधील ‘परमेश्वर’ हा या चार अक्षरांच्या जागी योजलेला शब्द आहे. जेथे ‘अदोनाय’ आणि ती चार अक्षरे शेजारी येतात तेथे ‘प्रभू परमेश्वर’ असे वाचायला मिळते. ‘देव’ हा शब्द ‘एलोहीम’ या सामान्यनामासाठी आहे. स्तोत्रांच्या शेवटच्या भागात वारंवार येणाऱ्या ‘हालेलुया’मध्ये त्या नावाचे ‘याह’ हे आखूड रूप आहे आणि मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘परमेशाचे स्तवन करा’ असे लिहून ‘परमेश्वर’चेही आखूड रूप योजले. हे कौशल्य सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मात्र ‘परमेश्वर’ शब्दाची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. त्याचा अर्थ, परम असा ईश्वर, वरूनच दिसतो. त्यामुळे तो उपाधीसारखा वाचला जातो आणि त्यामागे विशेषनाम आहे हे वाचकाला जाणवत नाही. कर्मेल डोंगरावर एलीयाच्या प्रसंगी लोक ‘परमेश्वर हाच देव’ असे ओरडतात (१ राजे १८:३९). मराठीत हे वाक्य पुनरुक्तीसारखे वाटते, कारण परमेश्वर देव नसेल तर दुसरे कोण असणार? मुळात मात्र दोन नावांमधला वाद चाललेला आहे : बआल हे कनानी दैवत देव की हा देव? लोकांनी दिलेला तो निकाल आहे, आणि तो निकाल आपल्या भाषांतरात फिका पडतो. एवढे असूनही ‘परमेश्वर’ऐवजी दुसरा शब्द सुचवावा असे मला वाटत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराच्या ख्रिस्ती हस्तलिखितांत ‘क्युरिऑस’ आणि लॅटिनमध्ये ‘डोमिनुस’ अशा उपाधीच योजल्या गेल्या, आणि नव्या करारातील एक मोठा अर्थ त्याच वाटेने आला. ‘जो कोणी प्रभूचे नाव घेऊन त्याचा धावा करील त्याचे तारण होईल’ हे योएलाचे वचन मुळात त्या चार अक्षरांविषयी आहे. रोमकरांस पत्रात (१०:१३) पौल तेच वचन येशूला उद्देशून वापरतो. फिलिप्पैकरांस पत्रात (२:९-११) ‘सर्व नावांपेक्षा श्रेष्ठ असे जे नाव’ येशूला दिल्याचे म्हटले आहे, तेथेही यशया ४५:२३ मध्ये देवाने स्वतःविषयी काढलेले उद्गार येशूकडे वळवलेले आहेत. ‘येशू’ या नावाच्या हिब्रू मूळ रूपात, ‘यहोशवा’मध्ये, त्याच विशेषनामाचा अंश असून परमेश्वर तारण करतो असा त्याचा अर्थ होतो, मत्तय १:२१ मधील ‘त्याचे नाव येशू ठेव, कारण तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील’ या वाक्यातील ‘कारण’ त्या अर्थावरच उभे आहे.

आता मूळ विचारणेतील ‘मानले जावो’कडे येतो. माझ्या मते हे भाषांतर अर्धाच अर्थ देते. ग्रीकमध्ये ‘मानणे’ या अर्थाचे क्रियापद नाही. ‘पवित्र केले जावो’ असे कर्मणी आज्ञार्थी रूप आहे आणि कर्ता सांगितलेला नाही. यहेज्केल ३६ मध्ये तो कर्ता सापडतो. बाबेलला परागंदा झालेल्या इस्राएलाकडे पाहून इतर राष्ट्रे म्हणतात की, हे परमेश्वराचे लोक, तरी त्यांना त्याच्या देशातून निघावे लागले. अशा रीतीने लोकांच्या वागण्याने देवाच्या नावाला बट्टा लागतो. तेव्हा देव म्हणतो की, मी हे तुमच्यासाठी करत नाही, माझ्या पवित्र नावासाठी करत आहे. आपले थोर नाव मी स्वतः पवित्र करीन. त्या वचनाच्या ग्रीक भाषांतरातील क्रियापद आणि या प्रार्थनेतील क्रियापद एकच आहे. प्रार्थना करणारा मनुष्य देवाला त्याच्याच वचनाची आठवण देत आहे.

वेगळे मत

आपले विवेचन मान्य आहे, परंतु ‘मानले जावो’ला अपुरे ठरवणे मला पटत नाही. यशया २९:२३ मध्ये ‘पवित्र’ करण्याचे तेच क्रियापद माणसांना लावलेले आहे : याकोबाची मुले देवाचे नाव पवित्र मानतील. ख्रिस्ती परंपरेनेही हाच अर्थ पुढे ठेवला आहे. तिसऱ्या शतकातील कार्थेजचा बिशप सिप्रियन स्पष्ट सांगतो की, आमच्या प्रार्थनेने देव पवित्र व्हावा असे आम्ही मागत नाही, त्याचे नाव आमच्यामध्ये पवित्र राखले जावे असे मागतो. मार्टिन ल्यूथरने १५२९ सालच्या लघु प्रश्नोत्तरीत जवळजवळ तेच म्हटले : देवाचे नाव स्वतः पवित्रच आहे, ते आमच्यातही पवित्र असावे. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न याच मुद्द्याचा होता आणि ‘मानले’ या एका शब्दाने भाषांतरकारांनी त्याचे उत्तर वाक्यातच देऊन ठेवले आहे. ‘तुझे नाव पवित्र केले जावो’ असे लिहिले असते तर ते आधी पवित्र नव्हते असा गैरसमज प्रत्येक वाचकाचा झाला असता.

उत्तर

यशयाचा दाखला योग्य आहे आणि गैरसमजाचा धोकाही खरा आहे. भाषांतर बदलावे असे माझे म्हणणे नाही. परंतु ‘मानले जावो’ म्हटल्यावर सारा भार माणसांच्या मानण्यावर जातो आणि विनंती एखाद्या उपदेशासारखी ऐकू येते. जणू प्रार्थना करणारा इतरांना आदर बाळगायला सांगत आहे. पुढच्या दोन विनंत्या पाहाव्यात : ‘तुझे राज्य येवो’, ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’. राज्य आणणारा देवच आहे, मग पहिल्याच विनंतीत त्याला बाजूला का ठेवावे? योहान १२:२८ मध्ये मृत्यू समोर दिसत असताना येशू ‘हे बापा, तू आपल्या नावाचे गौरव कर’ अशी प्रार्थना करतो आणि ‘मी ते गौरवले आहे आणि पुन्हाही गौरवीन’ असे उत्तर आकाशातून येते. तेथे कर्ता कोण याविषयी शंका उरत नाही. सिप्रियन आणि ल्यूथर यांनी माणसाकडची बाजू सांगितली ती प्रार्थना शिकणाऱ्यांसाठी आवश्यक होती. यहेज्केलाची बाजू तिच्या आधी येते, एवढाच माझा आग्रह आहे.

आणखी एक शंका

दहा आज्ञांपैकी ‘देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको’ या आज्ञेतील ‘नाव घेणे’ आणि नामजपातील ‘नाम घेणे’ यांत काही संबंध आहे का? नावाच्या उच्चारातच सामर्थ्य आहे, असे ख्रिस्ती विश्वास मानतो का?

उत्तर

आज्ञेतील हिब्रू क्रियापद ‘उचलणे, वाहणे’ या अर्थाचे आहे आणि ‘व्यर्थ’साठी असलेल्या शब्दात पोकळपणा व खोटेपणा दोन्ही येतात. खोटी शपथ वाहताना देवाचे नाव पुढे करणे हा त्या आज्ञेचा सर्वांत सरळ विषय आहे. (यहुदी, ऑर्थोडॉक्स आणि रिफॉर्म्ड परंपरा हिला तिसरी आज्ञा म्हणतात, कॅथलिक आणि लुथरन दुसरी; दाखला देताना क्रमांकाऐवजी निर्गम २०:७ लिहिणे बरे.) जपाचा येथे थेट संबंध नाही.

जपासारखी साधना ख्रिस्ती परंपरेत आहे. पूर्वेकडील मठांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना श्वासागणिक म्हटली जाते. तिच्यातूनच १९१२-१३ मध्ये ग्रीसमधील अथोस पर्वतावरील रशियन मठांत मोठा वाद पेटला. देवाचे नाव हे स्वतः देवच आहे, असे तेथील काही भिक्षू म्हणू लागले. रशियन धर्मसभेने १९१३ मध्ये हे मत त्याज्य ठरवले आणि त्याच वर्षी शेकडो भिक्षूंना जहाजाने ओडेसाला नेण्यात आले. शब्द आणि देव यांचे नाते कितपत जवळचे मानावे, या प्रश्नाची ती टोकाची अवस्था होती. बायबलची स्वतःची दिशा मला प्रेषितांची कृत्ये १९:१३-१६ मध्ये स्पष्ट दिसते. तेथे स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भुते काढू पाहतात. दुरात्मा त्यांना सांगतो की, येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? उच्चार अचूक होता, त्या नावाशी त्यांचे नाते मात्र काहीच नव्हते.

याच कारणाने ‘नावाने’ या मराठी रूपाकडेही थोडे लक्ष द्यावे. मत्तय २८:१९ मध्ये ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या’ असे आपण वाचतो आणि ‘त्यांच्या वतीने’ असा अर्थ घेतो. ग्रीकमधील शब्दयोजना ‘नावात’ अशी, आत प्रवेश सुचवणारी आहे, आणि तिघांचा उल्लेख असूनही ‘नाव’ एकवचनी आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय बदलल्यास वाक्य अवघडते, म्हणून ‘नावाने’ राहू द्यावे. समजावून सांगताना मात्र बाप्तिस्मा घेणारा त्या नावाचा होतो, ते नाव त्याच्यावर ठेवले जाते, असे म्हणावे.