अत्याचार झालेल्या मुली-बायकांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

हळदीचा_वास:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची, वय ३४, सरकारी बँकेत नोकरी. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका घरात वाईट प्रकार झाला, जास्त लिहीत नाही. त्या पोरीच्या आईबरोबर पोलीस स्टेशनला जायला कुणी तयार होईना, भाऊबंद सगळे गायब, शेवटी मी गेले आणि चार तास बाकड्यावर बसून एवढंच कळलं की आपल्याला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट शिकून करायचं. पण मी साधी बीकॉम, समाजकार्याची डिग्री वगैरे नाही, सुट्टी म्हणजे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. घरचे म्हणतात कशाला लफड्यात पडतेस. कुणी करतं का इथे असं काम?

कोर्टाच्या_पायऱ्या:
मी करते, पुण्यात, नऊ वर्षं झाली. आधी वाईट बातमी सांगते, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टही बंद असतं 😄

आता नीट सांगते. अठराच्या आतलं मूल असेल तर केस पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात जाते, तिथे बालकल्याण समिती सपोर्ट पर्सन नेमते, तो तपासापासून निकालापर्यंत मुलाबरोबर असतो. पण त्याला पात्रता ठरलेली आहे, त्या विषयातली पीजी आणि अनुभव किंवा मग ग्रॅज्युएट असून मुलांच्या क्षेत्रात तीन वर्षं काम. आणि त्याचं मानधन असतं, म्हणजे ते हौसेचं काम नाहीच. तू लगेच त्यात बसणार नाहीस. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं बघ, ते पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे लोकांना कायद्याच्या कामात मदत करणारे स्वयंसेवक घेतात, ट्रेनिंगही देतात, तिथे वकील असायची अट नाही. फक्त बँकेची परवानगी लागते का ते आधी बघून घे.

बाकी हे काम म्हणजे ९० टक्के वाट बघणं. माझ्याकडे एक कापडी पिशवी कायम भरलेली असते, त्यात सलवार-कुर्ता, आतले कपडे, टॉवेल, पॅड, चपला, बिस्किटं. कारण दवाखान्यात अंगावरचे कपडे पुरावा म्हणून काढून घेतात, आणि मग घरी काय घालून जायचं हे कुणाच्या डोक्यातच नसतं. एकदा एका बाईला हॉस्पिटलची चादर गुंडाळून रिक्षात बसवलेलं बघितलं, त्या दिवसापासून पिशवी.

आणि हे पाठ करून ठेव: उपचाराला एफआयआरची वाट बघायची गरज नाही, खाजगी दवाखान्यालाही फुकट प्रथमोपचार द्यावेच लागतात. एचआयव्हीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजेत, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत चालते पण जितकी लवकर तितकी बरी. टू फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी) कुणी करायला लागलं तर तिथेच थांबवायचं, त्याला बंदी आहे. हद्द आमची नाही म्हणून पोलीस परत पाठवत असतील तर झीरो एफआयआर म्हणायचं, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार इथेच नोंदवून घ्यायची, हा शब्द ऐकला की निम्म्या वेळा सूर बदलतो.

एसटीने_फिरणारा:
पुरुषांनी काय करायचं यात? मी इचलकरंजीचा, कॉलेजात शिकवतो. पीडितेच्या शेजारी मी बसणं तिलाच नको असेल, ते समजू शकतो.

कोर्टाच्या_पायऱ्या:
सर, तुम्ही पोरांमध्ये काम करा की. मुंबईत मावा म्हणून संस्था आहे, १९९३ पासूनची (नाव ऐकून तंबाखू आठवते, इलाज नाही), ते कॉलेजच्या मुलांशीच बोलतात. शेवटच्या बाकावर कुणाचे तरी फोटो फिरत असतात तेव्हा तिथे तुम्ही असता, मी नसते.

नाव_नको:
मी पलीकडच्या बाजूची आहे म्हणून लिहिते. माझ्याबरोबर जी ताई यायची तिने पहिल्या दिवशी काय झालं हे विचारलंच नाही, चहा घेणार का विचारलं. तोपर्यंत मी तेच सगळं पाच जणांना सांगून बसले होते.

आणि एक, बँकवाल्या ताईंसाठी. मनोधैर्य योजनेचे (अत्याचार झालेल्यांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचे) पैसे मंजूर झाले तेव्हा खातं उघडायला गेले, तर काउंटरवरच्या माणसाने कागद बघून मोठ्याने विचारलं, ‘मनोधैर्य म्हणजे ती केस ना?’ मागे दहा-बारा जण उभे, त्यात आमच्या गावचे दोघं. नाव उघड करणं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, असं मला पोलिसांनी सांगितलेलं, पण त्या माणसाला कुणी सांगितलंच नसणार. वाईट नव्हता तो, नंतर फॉर्म पण त्यानेच भरून दिला. मी मात्र ते खातं तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला उघडलं, पासबुक भरायला अजून दोन बस बदलते.

हळदीचा_वास:
नाव_नको, तुमचं तीनदा वाचलं. अशी खाती आमच्याकडेही येतात, आठवड्यातून दोन दिवस मी त्याच काउंटरला असते. मी असं कधी मोठ्याने बोललेच नसेन हे छातीठोकपणे नाही सांगू शकत. मॅनेजर साहेबांशी बोलते, असे कागद आतल्या केबिनमध्ये घ्यायचे एवढं तर लगेच करता येईल, त्याला कुठलं ट्रेनिंग लागत नाही.

मंगळवारी अर्धी रजा टाकलीय, प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन येते. कोर्टाच्या पायऱ्या ताई, पिशवीत चपला कुठल्या मापाच्या ठेवता?

कोर्टाच्या_पायऱ्या:
सहा आणि सात. साध्या रबरी घे.